रायडर स्विच

रायडर स्विच ही मनोरंजन उद्यानांतील एक सोय आहे. एखाद्या राइडवर उंची, वय किंवा भीती यांमुळे लहान मुलाला बसता येत नसेल, तर त्याच्यासोबत आलेल्या मोठ्यांना त्या राइडवर आळीपाळीने बसता यावे आणि त्यासाठी रांगेत दुसऱ्यांदा पूर्ण वेळ उभे राहावे लागू नये, हा या सोयीचा उद्देश होय. एक पालक राइडवर जातो तेव्हा दुसरा मुलाजवळ थांबतो. पहिला परतल्यावर मूल त्याच्या स्वाधीन केले जाते आणि दुसरा अल्प प्रतीक्षेनंतर त्याच राइडवर जातो. या सोयीसाठी सामान्यतः वेगळे शुल्क आकारले जात नाही.

अमेरिका, युरोप आणि जपानमधील मोठ्या उद्यानांत ही सोय लेखी नियमांनी बांधलेली आहे. महाराष्ट्रातील वॉटर पार्क, मनोरंजन उद्याने आणि गावोगावच्या यात्रांतही पालक आळीपाळीने राइड घेतात. तेथे बहुतेक वेळा ही कुटुंबाने आपसांत केलेली व्यवस्था असते. अहिल्यानगर जिल्ह्यात शिर्डीचा वॉटर पार्क, तेथीलच भक्तिविषयक संकल्पना उद्यान आणि तालुक्यातालुक्यांतील यात्रांमधील पाळणे अशी तिची तीन भिन्न रूपे दिसतात.

## नाव

या सोयीला सर्वमान्य असे एकच नाव नाही. डिस्नेच्या उद्यानांत तिला रायडर स्विच म्हणतात. पॅरिसजवळील डिस्नेलँडमध्ये ती बेबी स्विच या नावाने ओळखली जात असे आणि नेदरलँड्समधील एफ्टेलिंग या उद्यानात हेच नाव वापरात आहे. युनिव्हर्सलच्या उद्यानांत चाइल्ड स्वॅप किंवा चाइल्ड स्विच, तर अमेरिकेतील इतर अनेक उद्यानांत पेरेंट स्वॅप हा शब्द रूढ आहे. नावे वेगवेगळी असली तरी सर्वत्र बदलतो तो मुलाजवळ थांबणारा मोठा माणूस. मुलाची अदलाबदल होत नाही. मराठीत यासाठी स्वतंत्र पारिभाषिक शब्द रुळलेला नाही. बोलताना ‘आळीपाळीने बसणे’ किंवा ‘एकेक करून जाणे’ असे म्हटले जाते.

## पार्श्वभूमी

रायडर स्विचची गरज का निर्माण झाली हे समजण्यासाठी उद्यानांच्या तिकीट पद्धतीतील बदल लक्षात घ्यावा लागतो. जुन्या जत्रांत आणि सुरुवातीच्या मनोरंजन उद्यानांत प्रत्येक राइडचे तिकीट वेगळे असे. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १९५५ साली सुरू झालेल्या डिस्नेलँडमध्येही अनेक वर्षे तिकिटांची पुस्तिका मिळत असे. तीत राइडच्या प्रतीनुसार ए, बी, सी अशा वर्गांची तिकिटे असत. सर्वांत आकर्षक राइडसाठी असलेले ई वर्गाचे तिकीट १९५९ साली आले. अशा व्यवस्थेत राइडची किंमत पैशांत मोजली जात होती आणि तिकिटांच्या संख्येमुळे रांगांनाही आपोआप मर्यादा पडत होती.

टेक्सासमधील सिक्स फ्लॅग्ज उद्यानाने १९६१ साली प्रवेशद्वारावर एकदाच पैसे घेऊन आतील राइड खुल्या ठेवण्याची पद्धत स्वीकारली. पुढे ती सर्वत्र पसरली. डिस्नेलँडनेही १९८२ साली तिकीटपुस्तिका बंद केली. भारतात मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डपासून महाराष्ट्रातील मोठ्या उद्यानांत प्रवेशशुल्काची हीच पद्धत रुळली.

प्रवेशशुल्क एकदाच घेतले जाऊ लागल्यावर आतल्या राइडची खरी किंमत पैशांऐवजी वेळेत मोजली जाऊ लागली. लोकप्रिय राइडसाठी तासभर उभे राहणे हीच तिची किंमत ठरली. लहान मूल सोबत असलेल्या दोन पालकांना ही किंमत दोनदा मोजावी लागते: एकदा एकाला, नंतर दुसऱ्याला. प्रवेशशुल्क मात्र दोघांनीही पूर्ण भरलेले असते. ही विषमता दूर करण्यासाठी रायडर स्विचची पद्धत वापरली जाते. डिस्नेने १९९९ साली फास्टपास ही ठरावीक वेळी जलद रांगेतून प्रवेश देणारी व्यवस्था आणली. त्यामुळे दुसऱ्या पालकाला कोणत्या मार्गाने आत सोडावे हा प्रश्नही सुटला.

## उंचीची अट

रायडर स्विचच्या मुळाशी राइडवरील उंचीची अट असते. ही अट मुलाच्या धीटपणाशी किंवा वयाशी संबंधित नसून राइडमधील आसनबंधाशी, म्हणजे प्रवाशाला आसनात धरून ठेवणाऱ्या दांड्याशी किंवा खांद्यावरून येणाऱ्या कवचाशी संबंधित असते. आसनबंधाची रचना विशिष्ट शरीरमान गृहीत धरून केलेली असते. त्याहून लहान शरीर दांड्याखालून सरकू शकते, किंवा वळणावर बाजूला फेकले जाऊ शकते. मांडीची जाडी, कंबरेची रुंदी आणि धडाची लांबी प्रत्येक प्रवाशाची मोजणे अशक्य असल्यामुळे उंची हे एकच माप त्यांचे प्रातिनिधिक माप म्हणून वापरले जाते. ते भिंतीवरील पट्टीने काही सेकंदांत घेता येते आणि त्याविषयी वाद घालता येत नाही.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी एक कारण असते. जन्मतः डोक्याची लांबी शरीराच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि मानेचे स्नायू डोके सावरण्याइतके बळकट नसतात. त्यामुळे झटका देणाऱ्या राइडवर बाळाला मांडीवर घेऊन बसणे धोक्याचे ठरते, मग पालकाने त्याला कितीही घट्ट धरलेले असो. वेगवान राइडवर अचानक येणारा जोर हातांच्या पकडीपेक्षा मोठा असू शकतो.

अमेरिकेत एएसटीएम या मानकसंस्थेची राइडविषयक एफ२४ समिती १९७८ साली स्थापन झाली. युरोपात ईएन १३८१४ हे मानक आहे. भारतात भारतीय मानक ब्यूरोची आयएस १५४७५ ही मानकमाला मनोरंजन राइडच्या सुरक्षिततेसाठी आहे. एखाद्या विशिष्ट राइडसाठी किती उंची हवी हे प्रामुख्याने तिचा निर्माता ठरवतो. उद्यान ती अट अधिक कडक करू शकते, सैल करू शकत नाही.

एकाच नावाच्या राइडसाठीही अट सारखी असतेच असे नाही. स्पेस माउंटन या डिस्नेच्या राइडसाठी फ्लोरिडात ४४ इंच (११२ सेंमी), तर कॅलिफोर्नियात ४० इंच (१०२ सेंमी) उंची लागते. दोन्ही ठिकाणच्या गाड्या आणि मार्ग वेगळे असल्यामुळे हा फरक पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार मुलामुलींची मध्यम उंची तिसऱ्या वर्षी सुमारे ९५ ते ९६ सेंमी, चौथ्या वर्षी सुमारे १०३ सेंमी आणि पाचव्या वर्षी सुमारे ११० सेंमी असते. १२२ सेंमी, म्हणजे ४८ इंच, ही मोठ्या रोलर कोस्टरवर आढळणारी अट सामान्य वाढीचे मूल सातव्या वर्षाच्या आसपास गाठते. म्हणजेच एका अपत्याच्या जन्मापासून सुमारे सात वर्षे, आणि तीन वर्षांच्या अंतराने दोन अपत्ये असल्यास सुमारे दहा वर्षे, आई-वडिलांना अशा राइडवर एकत्र बसायचे झाल्यास मुलाला तिसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागते. रायडर स्विच ही अपवादात्मक प्रसंगाची सोय वाटत असली, तरी लहान मुलांच्या कुटुंबासाठी ती प्रदीर्घ काळाची गरज असते, असे या आकड्यांवरून दिसते.

## कार्यपद्धती

रायडर स्विचच्या मुख्यतः तीन पद्धती आढळतात.

### परतीच्या पासची पद्धत

डिस्नेच्या उद्यानांत ही पद्धत आहे. राइडच्या प्रवेशापाशी संपूर्ण कुटुंब, लहान मुलासह, कर्मचाऱ्यासमोर उभे राहते. मूल राइडच्या अटीत बसत नाही याची खात्री करून कर्मचारी कुटुंबाचे दोन गट करतो. पहिला गट नेहमीच्या रांगेत जातो. दुसऱ्या गटातील पालकाला परतीचा पास मिळतो आणि तो मुलासह रांगेबाहेर मोकळा राहतो. पहिला गट राइड घेऊन आल्यावर दुसरा गट हा पास दाखवून जलद रांगेतून आत जातो. पूर्वी हा पास कागदी असे. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तो २०१८ पासून प्रवेशपत्रिकेवर किंवा मनगटातील पट्टीवर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवला जातो.

या पद्धतीचा मोठा फायदा मुलाला होतो. पहिला पालक रांगेत असेपर्यंत मूल बाहेर खाऊ शकते, झोपू शकते किंवा छोट्या पाळण्यात बसू शकते. तोटा असा की दोन्ही पालकांची पुन्हा भेट कोठे व्हायची हे आधी ठरवावे लागते.

### प्रतीक्षा कक्षाची पद्धत

युनिव्हर्सलच्या उद्यानांत राइडच्या फलाटाजवळ यासाठी स्वतंत्र कक्ष असतात. येथे मुलासह सर्व कुटुंब एकाच रांगेतून पुढे सरकते. फलाटाशी पोहोचल्यावर एक पालक मुलाला घेऊन कक्षात बसतो आणि दुसरा राइडवर जातो. तो परत येताच मूल त्याच्याकडे सोपवून कक्षातील पालक थेट फलाटावर जातो. फ्लोरिडातील हॅरी पॉटर मालिकेवरील २०१० च्या राइडपाशी असा कक्ष आहे.

यात पास, वेळ किंवा भेटीची जागा यांचा घोळ नसतो. मात्र मुलालाही पूर्ण वेळ रांगेत उभे राहावे लागते. बाबागाडी बाहेर ठेवायची असल्यास दोन-तीन वर्षांचे मूल कडेवर घेऊनच तासभर काढावा लागतो.

### तोंडी व्यवस्था

लहान उद्यानांत लेखी नियम नसला तरी राइडवरील कर्मचारी पालकाची विनंती ऐकून दुसऱ्याला निर्गमद्वाराने आत घेतो. ही सोय त्या दिवशीची गर्दी आणि त्या कर्मचाऱ्याची मर्जी यांवर अवलंबून असते. ती हक्क म्हणून मागता येत नाही. म्हणून रांगेत उभे राहण्यापूर्वीच विचारून घेणे इष्ट असते. रांगेतील इतरांना त्यामागचे कारण माहीत नसल्यास वादही उद्भवतात.

## वेळेचा हिशेब

उदाहरणादाखल रांग ६० मिनिटांची आणि राइड ३ मिनिटांची धरली, तर तिन्ही परिस्थितींत एका कुटुंबाला लागणारा वेळ पुढीलप्रमाणे येतो.

* कोणतीही सोय नसल्यास दोन्ही पालकांना प्रत्येकी ६३ मिनिटे लागतात. एकूण वेळ १२६ मिनिटे.
* परतीच्या पासच्या पद्धतीत पहिल्याला ६३ मिनिटे लागतात. जलद रांग १० मिनिटांची धरल्यास दुसऱ्याला १३ मिनिटे. एकूण वेळ ७६ मिनिटे. मूल रांगेत उभे राहत नाही.
* प्रतीक्षा कक्षाच्या पद्धतीत रांगेची ६० मिनिटे एकदाच जातात. दोन फेऱ्यांची ६ मिनिटे आणि अदलाबदलीची सुमारे ५ मिनिटे धरल्यास एकूण वेळ ७१ मिनिटे. मूल मात्र रांगेत ६० मिनिटे असते.

रांग १० मिनिटांची असेल तर कोणतीही सोय नसतानाही दोघांचे मिळून २६ मिनिटांत काम होते. त्यामुळे गर्दी नसलेल्या दिवशी या सोयीचे महत्त्व फारसे उरत नाही. सुट्ट्यांच्या काळात ते सर्वाधिक असते.

## अहिल्यानगर जिल्ह्यात

अहिल्यानगर (ऑक्टोबर २०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. जिल्ह्यातील संघटित मनोरंजन उद्याने राहाता तालुक्यातील शिर्डी येथे असून त्यांचा ग्राहकवर्ग मुख्यतः साईबाबांच्या दर्शनासाठी आलेल्या कुटुंबांचा असतो. तीर्थयात्रेला आलेल्या कुटुंबात बहुधा तीन पिढ्या एकत्र असतात. त्यामुळे परदेशातील दोन पालक आणि एक मूल या चित्रापेक्षा येथील परिस्थिती वेगळी असते.

### वॉटर पार्क

शिर्डी येथील वेट एन जॉय हा वॉटर पार्क संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने उभारला. याच समूहाने २०२२ साली रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळच्या इमॅजिका या २०१३ साली सुरू झालेल्या संकल्पना उद्यानाचा ताबा घेतला.

वॉटर पार्कमध्ये पालकांची आळीपाळी राइडच्या दाराशी न होता पाण्याच्या काठाशी होते. उंच घसरगुंड्यांवर मुलांना सोडले जात नाही. म्हणून एक पालक मुलासह उथळ तलावात थांबतो आणि दुसरा घसरगुंडीच्या जिन्याची रांग धरतो. येथे मुलाजवळ थांबणे ही विश्रांती नसते. लहान मूल घोट्याएवढ्या पाण्यातही तोंडावर पडून बुडू शकते आणि बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. म्हणून थांबणारा पालक पाण्यात, हाताच्या अंतरावर असणे आवश्यक असते. काठावर बसून मोबाइल पाहत दुरून लक्ष ठेवणे पुरेसे नसते. जीवरक्षक उपस्थित असला तरी तो एकाच वेळी अनेकांकडे पाहत असतो. एका मुलाची जबाबदारी त्याच्यावर सोपवता येत नाही.

वॉटर पार्कमध्ये मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागत असल्याने दोन्ही पालकांत संपर्क राहत नाही. त्यामुळे भेटीची जागा आणि अंदाजे वेळ तोंडी ठरवून घेणे हा येथील आळीपाळीचा अविभाज्य भाग ठरतो.

### साईतीर्थ

साईतीर्थ हे शिर्डी येथील भक्तिविषयक संकल्पना उद्यान आहे. त्यात भारतातील प्रसिद्ध देवळांचे दर्शन घडवणारी संथ राइड, द्वारकामाईवरील यंत्रचलित पुतळ्यांचा कार्यक्रम आणि लंकादहनावरील ५डी चित्रपट अशी आकर्षणे आहेत. रोलर कोस्टरप्रमाणे प्रवाशाला उलटेपालटे करणारी रचना येथे नसल्यामुळे उंचीची अट हा मुख्य प्रश्न नसतो.

अशा उद्यानांत आळीपाळीचे कारण बहुधा भीती हे असते. अंधार, मोठा आवाज, हलणारी आसने आणि अंगावर येणारी दृश्ये यांमुळे दोन-तीन वर्षांचे मूल रडू लागते. रडणारे मूल घेऊन एका पालकाला मध्येच बाहेर यावे लागते आणि त्याचा कार्यक्रम राहून जातो. कार्यक्रम ठरावीक वेळांनी होत असल्यास दुसऱ्या पालकाला पुढच्या खेळाला जाता येते. उंचीची अट पट्टीने मोजता येते. भीती मात्र पालकालाच ओळखावी लागते.

### यात्रांतील पाळणे

जिल्ह्यातील बहुसंख्य मुलांची पाळण्यांशी पहिली ओळख यात्रेत होते. शिर्डीचा रामनवमी उत्सव, पाथर्डी तालुक्यातील मढी येथील कानिफनाथांची यात्रा आणि त्याच तालुक्यातील मोहटादेवीचा नवरात्रोत्सव यांना मोठी गर्दी होते. यात्रांत आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन, होडी अशी साधने उभारली जातात.

यात्रेत प्रत्येक फेरीचे तिकीट वेगळे असते. म्हणजे तिकीट पद्धतीच्या दृष्टीने यात्रा ही तिकीटपुस्तिकेच्या काळातील उद्यानाप्रमाणे असते. एका फेरीला मिनिटे कमी लागतात, रांग आखीव नसते आणि दुसऱ्या पालकाला फार तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. त्यामुळे आळीपाळीसाठी वेगळ्या सोयीची गरज भासत नाही. वडील फेरी संपवून उतरले की आई चढते.

धोका मात्र यात्रेत अधिक असतो. उद्यानातील उंचीच्या पट्टीऐवजी येथे पाळणेवाल्याचा अंदाज किंवा पालकाचा आग्रह निर्णायक ठरतो. आकाशपाळण्यात मूल मांडीवर घेऊन बसण्याची प्रथा सर्रास आढळते. पाळण्याची आडवी दांडी मोठ्या माणसाच्या मांडीवर बेतलेली असते. मांडीवरील मुलाला ती धरून ठेवत नाही. पाळणा सर्वांत वर थांबलेला असताना मूल घाबरून उभे राहू लागले, तर त्याला आवरणारे दुसरे साधन नसते. एक पालक खाली थांबला तर हा धोका उद्भवत नाही आणि त्याची किंमत एका फेरीच्या प्रतीक्षेइतकीच असते.

### संयुक्त कुटुंब

शिर्डीला येणाऱ्या कुटुंबात आजी-आजोबा सोबत असल्यास मूल त्यांच्याजवळ ठेवून आई-वडील एकत्र राइडवर जाऊ शकतात. अशा वेळी आळीपाळीची गरज उरत नाही. मात्र दर्शनाच्या रांगेत आधीच दमलेल्या वृद्धांकडे धावते मूल सोपवणे, तेही पाण्याच्या काठी, कितपत योग्य आहे याचा विचार करावा लागतो. मोठ्या भावंडाकडे लहान भावंड सोपवणे ही सुद्धा प्रचलित, परंतु उद्यानांच्या नियमांत सहसा न बसणारी पद्धत आहे. रायडर स्विचच्या नियमांनुसार मुलाजवळ थांबणारी व्यक्ती प्रौढ असावी लागते.

## औपचारिक सोय नसताना

जेथे रायडर स्विचचा नियम नाही, तेथे कुटुंबे पुढील मार्गांचा अवलंब करतात.

* उद्यान उघडताच सर्वांत लोकप्रिय राइडपाशी जाणे. त्या वेळी रांग छोटी असल्यामुळे दोघांनी स्वतंत्रपणे रांग धरली तरी फारसा वेळ जात नाही.
* दुसऱ्या पालकाने एकट्या प्रवाशांची रांग धरणे. काही उद्यानांत गाडीतील रिकाम्या राहिलेल्या एकेका आसनावर एकट्याने बसणाऱ्यांना सोडले जाते आणि ही रांग सहसा जलद सरकते.
* राइड वाटून घेणे. दोघांनी प्रत्येक राइड घेण्याऐवजी एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी निवडणे.
* मुलाच्या झोपेची वेळ लक्षात घेणे. मूल बाबागाडीत झोपले असता एक पालक सावलीत थांबतो आणि दुसरा राइड घेतो.
* दोन कुटुंबांनी एकत्र जाणे. चार प्रौढांपैकी दोघे सर्व मुलांजवळ थांबतात आणि जोडपी एकत्र राइड घेऊ शकतात.

यांतील शेवटचा मार्ग महाराष्ट्रात विशेष प्रचलित आहे. औपचारिक रायडर स्विचने पालकांचा वेळ वाचतो, परंतु दोघांना राइडवर शेजारी बसता येत नाही. ते केवळ तिसऱ्या विश्वासू प्रौढाच्या उपस्थितीत शक्य होते.

## मुलाची सुरक्षितता

रायडर स्विचकडे सहसा पालकांच्या सोयीची बाब म्हणून पाहिले जाते. तिचा अधिक महत्त्वाचा परिणाम मुलाच्या सुरक्षिततेवर होतो. तासभर रांगेत उभे राहिल्यावर मूल एक-दोन सेंटिमीटरने कमी भरते असे कळले, की पालकांपुढे तीन पर्याय उरतात: सर्वांनी परत फिरणे, एकाने राइड सोडून देणे, किंवा मुलाला कसेबसे आत नेणे. जाड तळाची पादत्राणे घालणे, टाचा उंचावणे, केस वर बांधणे किंवा कर्मचाऱ्याला गळ घालणे हे प्रकार तिसऱ्या पर्यायातून जन्माला येतात. आसनबंध मात्र खऱ्या शरीरावरच बसतो.

दुसऱ्या पालकाची राइड बुडणार नाही याची खात्री असल्यास मुलाला आत नेण्याचे कारणच नाहीसे होते. मुलाला एकटे बाहेर उभे करणे किंवा अनोळखी व्यक्तीकडे सोपवणे यांचीही गरज पडत नाही. उंचीची अट ज्या मुलाला दाराशी अडवते, त्याच्या कुटुंबाला रायडर स्विच दुसरा मार्ग देते. म्हणून या दोन व्यवस्था परस्परपूरक आहेत.

मूल एका पालकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा क्षण हा या व्यवस्थेतील नाजूक दुवा आहे. गर्दीत दोघेही पालक ‘मूल दुसऱ्याकडे आहे’ असे गृहीत धरतात तेव्हा मूल हरवण्याचा संभव असतो. निर्गमद्वाराजवळची निश्चित जागा ठरवणे, मूल हातात घेतल्यानंतरच दुसऱ्याने निघणे आणि मुलाच्या खिशात किंवा मनगटावर पालकाचा दूरध्वनी क्रमांक ठेवणे या साध्या उपायांनी तो बराच कमी होतो.

## मर्यादा

* सोय प्रत्येक राइडला लागू नसते. उंचीची अट नसलेल्या राइडवर ती सहसा दिली जात नाही, कारण तेथे मूल सोबत बसू शकते.
* ती घेण्यासाठी मूल प्रत्यक्ष उपस्थित असावे लागते.
* किमान दोन प्रौढ आवश्यक असतात. एकट्या पालकाला या सोयीचा उपयोग होत नाही. त्याच्यासाठी वेळ नव्हे, तर मुलाजवळ थांबणारी व्यक्ती नसणे ही अडचण असते.
* अटीत बसणाऱ्या मोठ्या भावंडाला दोन्ही पालकांसोबत, म्हणजे दोनदा, राइड घेता येईल का, याचे नियम उद्यानागणिक वेगळे असतात.
* गर्भवती स्त्रियांना वेगवान राइड वर्ज्य असतात. अशा कुटुंबात आळीपाळी एकतर्फी ठरते. मुलाजवळ प्रत्येक वेळी आईच थांबते.

आळीपाळीचा नियम असूनही प्रत्यक्षात थांबण्याचे काम एकाच व्यक्तीवर, बहुधा आईवर, पडू शकते. स्तनपान करणाऱ्या आईला दीर्घ रांग धरणे शक्य नसते. तिच्यासाठी परतीच्या पासची पद्धत प्रतीक्षा कक्षापेक्षा सोयीची ठरते, कारण बाळ बाहेरच राहते आणि तिची स्वतःची रांग अल्प असते.

## तत्सम सोयी

लहान मूल सोबत असलेल्यांना रांगेत सवलत देण्याची कल्पना मनोरंजन उद्यानांपुरती मर्यादित नाही. शिर्डीसह अनेक मोठ्या देवस्थानांत ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि तान्ह्या बाळासह आलेल्या माता यांना मुख्य रांगेऐवजी वेगळ्या मार्गाने दर्शनास सोडले जाते. दोहोंतील फरक असा की देवळात बाळालाही दर्शन घडते, म्हणून माय-लेकरे एकत्र पुढे जातात. राइडवर बाळाला प्रवेशच नसतो, म्हणून मोठ्यांना एकेकटे जावे लागते. राज्य परिवहन महामंडळाच्या बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी असलेला हिरकणी कक्ष हीसुद्धा बाळासह घराबाहेर पडलेल्या आईसाठी केलेली सार्वजनिक सोय आहे.

## हे सुद्धा पहा

* मनोरंजन उद्यान
* वॉटर पार्क
* रोलर कोस्टर
* आकाशपाळणा
* शिर्डी
* इमॅजिका
* हिरकणी कक्ष